ड्रॅगचा आकडा आणि त्यामागचा पुरावा

ताशी 100 किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मोटारीला हवा किती जोराने मागे रेटते? गाडीचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ 2.2 चौरस मीटर, ड्रॅग गुणांक 0.30 आणि हवेची घनता दर घनमीटरला 1.2 किलो धरली, तर उत्तर सुमारे 306 न्यूटन येते. साधारण 31 किलोच्या वजनाइतका हा जोर आहे, आणि यालाच ड्रॅग म्हणतात. त्याच्याविरुद्ध त्याच वेगाने पुढे जात राहायला साडेआठ किलोवॅट शक्ती सतत खर्ची पडते. वेग निम्मा केला तर जोर चौथाईवर येतो आणि शक्ती आठव्या हिश्श्यावर. इथवरचा हिशेब शाळेतल्या गणिताने होतो. खरा प्रश्न त्यातल्या 0.30 या आकड्याचा आहे, कारण हवेचे सगळे वागणे त्या एका आकड्यात कोंबलेले असते. पूर्वी तो विंड टनेलमध्ये मोजूनच मिळत असे. आता गाडीचा पहिला नमुना घडण्याआधीच तो संगणकावर काढला जातो. ज्या शास्त्राने हे शक्य झाले त्याला संगणकीय प्रवाहगतिकी किंवा थोडक्यात सीएफडी म्हणतात. या पद्धतीची ताकद मोठी आहे. पण तिच्या पडद्यावर उमटणारा ड्रॅगचा आकडा हे मोजमाप नसून तो एक दावा असतो, आणि दाव्याची किंमत त्याच्यासोबत आलेल्या पुराव्याइतकीच असते, असे माझे म्हणणे आहे. ड्रॅग ही राशीच अशी आहे की तिच्या बाबतीत ही सावधगिरी इतर कुठल्याही राशीपेक्षा अधिक लागते.

ड्रॅग काढण्याची रीत ऐकायला सरळ आहे. सिम्युलेशनमध्ये गाडीचा पृष्ठभाग लाखो बारीक तुकड्यांत विभागलेला असतो. प्रत्येक तुकड्यावर हवा दोन तऱ्हांनी जोर लावते. एक दाबाचा जोर, जो तुकड्याला काटकोनात असतो. दुसरा घर्षणाचा, जो तुकड्याला घासत जातो. या दोन्हींचा प्रवाहाच्या दिशेतला भाग घ्यायचा आणि सगळ्या तुकड्यांवर बेरीज करायची, की ड्रॅग मिळाला. अडचण या बेरजेच्या स्वभावात आहे. वातावरणाचा दाब सुमारे 1,01,325 पास्कल असतो. आपल्या मोटारीच्या पुढच्या बाजूवर तो सव्वादोन लाख न्यूटनच्या आसपास जोर लावतो आणि मागच्या बाजूवरही तेवढाच, उलट दिशेने. या दोन अवाढव्य जोरांच्या वजाबाकीत जे उरते त्यातून 306 न्यूटन यायचे असतात. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची भरलेली ट्रॉली एकदा एका मोळीसकट आणि एकदा तिच्याशिवाय चढवून त्या एका मोळीचे वजन काढावे, तसा हा प्रकार आहे. काट्याची जी चूक ट्रॉलीच्या वजनात दिसणारही नाही, ती मोळीचे वजन पार बिघडवून टाकते. प्रोग्रॅम वातावरणाचा दाब आधीच वजा करतात हे खरे. पण विमानाच्या पंखासारख्या निमुळत्या आकारावर उरलेल्या दाबांतही पुढचे आणि मागचे जोर एकमेकांना बहुतांशी खाऊन टाकतात, आणि ड्रॅग म्हणजे त्यातली शिल्लक असते.

ही शिल्लक कुठून येते, हेच दीड शतक उलगडत नव्हते. फ्रेंच गणितज्ञ द'अलांबेर याने 1752 मध्ये दाखवले, की प्रवाही पदार्थाला चिकटपणाच नाही असे मानले तर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या वस्तूवरचा ड्रॅग बरोबर शून्य येतो. गणितात खोट नव्हती आणि अनुभव तर उघडउघड उलट होता. पुढे नाविए याने 1822 मध्ये आणि स्टोक्स याने 1845 मध्ये श्यानता, म्हणजे प्रवाही पदार्थाचा चिकटपणा, धरून समीकरणे मांडली. आजची सीएफडी त्याच समीकरणांवर उभी आहे. तरी हवेसारख्या अगदी कमी श्यानतेच्या पदार्थात इतका ड्रॅग का, याचे उत्तर लुडविग प्रांट्ल याने 1904 मध्ये हायडेलबर्ग इथल्या गणितज्ञांच्या परिषदेत दिले. पृष्ठभागाला टेकलेली हवा पृष्ठभागापुरती थांबलेली असते, आणि तिच्यापासून बाहेरच्या पूर्ण वेगापर्यंतची सगळी चढण एका पातळ थरात होते. याला सीमास्तर म्हणतात. हा थर मागच्या उतरणीवर टिकला तर घर्षणाचा ड्रॅग तेवढा पडतो. तो दमून पृष्ठभाग सोडून गेला तर वस्तूच्या मागे कमी दाबाचा रुंद पट्टा तयार होतो आणि दाबाचा ड्रॅग एकदम वाढतो. म्हणजे सगळ्या गाडीचे भवितव्य एका पातळ थरावर ठरते. ताशी 100 किलोमीटरच्या मोटारीवर या थरातला सर्वांत आतला पापुद्रा नीट पकडायचा, तर हवा ज्या बारीक खान्यांत विभागतात त्या गणिताच्या जाळीतली पहिली ओळ पृष्ठभागापासून अवघ्या 14 मायक्रोमीटरच्या आसपास ठेवावी लागते. गाडी चार मीटरची असते आणि तिच्या मागचा प्रवाह त्याच्या कितीतरी पट लांब पसरलेला असतो. या दोन टोकांना एकाच हिशेबात बसवणे ही ड्रॅगच्या आकडेमोडीतली मूळ कसरत आहे.

सीमास्तर किती दगा देऊ शकतो याचे सर्वांत बोलके उदाहरण संगणकाच्या आधीचे आहे. पॅरिसचा मनोरा बांधणारा गुस्ताव्ह आयफेल उतारवयात वायुगतिकीकडे वळला आणि त्याने 1909 मध्ये स्वतःचे विंड टनेल उभारले. गोलावरचा ड्रॅग गुणांक त्याला गटिंगेन इथल्या जर्मन प्रयोगशाळेच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी मिळाला. गटिंगेनमध्ये आधी वाटले की आयफेलच चुकला असावा. पण दोघेही बरोबर होते. जास्त वेगाला गोलावरचा सीमास्तर खळबळीचा, म्हणजे भोवऱ्यांनी भरलेला, होतो, तो मागच्या बाजूला अधिक काळ चिकटून राहतो, आणि त्यामुळे मागचा पट्टा अरुंद होऊन ड्रॅग कोसळतो. प्रांट्लने 1914 मध्ये गोलाभोवती बारीक तार गुंडाळून हे सिद्ध केले. तारेने सीमास्तर मुद्दाम खळबळता केला, आणि एरवी जास्त ड्रॅग दाखवणारा गोल कमी ड्रॅग दाखवू लागला. गुळगुळीत गोलासाठी ही घसरण रेनॉल्ड्स संख्या तीन लाखांच्या आसपास पोहोचली की येते. रेनॉल्ड्स संख्या म्हणजे वेग, आकार आणि श्यानता यांचे एकत्रित माप. गोल्फच्या चेंडूवरचे खळगे हीच करामत कमी वेगाला करतात. या प्रसंगातून सिम्युलेशन करणाऱ्याने घ्यायचा धडा थेट आहे. सीमास्तर शांत आहे की खळबळीचा, हे जो प्रोग्रॅम चुकीचे धरून चालतो, तो भूमिती अचूक आणि समीकरणे शुद्ध असूनही ड्रॅग दुप्पट किंवा निम्मा सांगू शकतो. प्रचलित मॉडेलांपैकी बरीच मॉडेल्स सीमास्तर पहिल्या टोकापासून खळबळीचा धरतात, म्हणून हा धोका आजही आहे.

समीकरणे हाती असली तरी ती सोडवणे फार काळ मानवी कष्टांचे काम होते. जपानी शास्त्रज्ञ कावागुती याने 1953 मध्ये रेनॉल्ड्स संख्या 40 असताना दंडगोलाभोवतीचा प्रवाह यांत्रिक गणनयंत्रावर सोडवला. आठवड्याला वीस तास काम करून त्याला त्यासाठी दीड वर्ष लागले. संगणक आल्यावर वेग वाढला, पण एक गाठ सुटत नव्हती, आणि ती ड्रॅगच्या मुळाशीच होती. संवेगाच्या समीकरणांतून वेग मिळतो, पण न दाबल्या जाणाऱ्या प्रवाहात दाबासाठी स्वतंत्र समीकरणच नसते. दाब तर हवाच, कारण मोटारीच्या ड्रॅगचा मोठा भाग त्याचाच असतो. सुहास पाटणकर आणि त्यांचे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधले मार्गदर्शक ब्रायन स्पाल्डिंग यांनी 1972 मध्ये ही गाठ सोडवणारी ‘सिंपल’ पद्धत मांडली. आधी दाबाचा अंदाज घ्यायचा आणि त्यावरून वेग काढायचे. या वेगांनी हवेचा हिशेब जुळत नसेल, म्हणजे एखाद्या खान्यात येणारी आणि जाणारी हवा सारखी नसेल, तर तेवढ्यावरून दाब दुरुस्त करायचा, आणि हिशेब मिटेपर्यंत हे फेरे चालू ठेवायचे. पाटणकर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून आणि पुढे आयआयटी मुंबईतून शिकून लंडनला गेले होते. त्यांचे 1980 चे पुस्तक जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती राहिले, आणि सिंपल पद्धतीचे वंशज आजही व्यावसायिक तसेच मुक्त सॉफ्टवेअरमध्ये काम करतात. पण या पद्धतीच्या रचनेतच एक सूचना दडलेली आहे. उत्तर टप्प्याटप्प्याने दुरुस्त होत येते, म्हणून ते पुरेसे दुरुस्त झाले की नाही हे तपासावेच लागते. समीकरणांतली शिल्लक चूक छोटी दिसते एवढ्यावरून ड्रॅग स्थिरावला असे होत नाही. ड्रॅगचा आलेख वेगळा काढून तो सपाट झाला का ते पाहावे लागते. आणि मागचा प्रवाह भोवऱ्यांनी हिंदकळत असेल तर तो सपाट होतच नाही. तेव्हा अनेक आवर्तनांची सरासरी घ्यावी लागते.

समीकरणे सुटली तरी खळबळीचा प्रश्न राहतो. खळबळीतला प्रत्येक भोवरा जाळीत पकडायचा ठरवला तर लागणाऱ्या बिंदूंची संख्या रेनॉल्ड्स संख्येच्या सव्वादोनाव्या घाताने वाढते. वेग दुप्पट केला की बिंदू जवळपास पाचपट होतात. मोटारीची रेनॉल्ड्स संख्या 74 लाखांच्या घरात असते, म्हणून रोजच्या कामासाठी हा मार्ग बंद आहे. ऑस्बर्न रेनॉल्ड्स याने 1895 मध्येच दुसरी वाट दाखवली होती. सरासरी प्रवाह सोडवायचा आणि भोवऱ्यांचा परिणाम वेगळ्या मॉडेलने भरून काढायचा. के-एप्सिलॉन, के-ओमेगा, स्पालार्त-ऑलमारास, एसएसटी ही मॉडेल्स त्याच वाटेवरची. त्यांतला प्रत्येक स्थिरांक कुठल्या तरी साध्या प्रयोगाशी जुळवून घेतलेला असतो, म्हणजे तो निसर्गनियम नसून जुळवणी असते. ही जुळवणी कुठे तुटते ते ‘अहमद बॉडी’ दाखवते. 1984 मध्ये एस. आर. अहमद आणि सहकाऱ्यांनी 1.044 मीटर लांबीचा, पुढे गोलसर आणि मागे तिरका कापलेला, मोटारीसारखा एक साधा ठोकळा अभ्यासला. या ठोकळ्याच्या ड्रॅगचा 85 टक्क्यांपर्यंतचा भाग दाबाचा निघाला आणि त्यातला बहुतेक मागच्या बाजूला. मागच्या उताराचा कोन वाढवत नेला तसा ड्रॅग वाढत 30 अंशांना 0.38 च्या आसपास गेला, आणि त्याच कोनाच्या उंबरठ्यावर एकदम 0.26 पर्यंत पडला. कारण तिथे कडांवरचे जोडभोवरे मोडतात आणि प्रवाहाची ठेवणच बदलते. 25 अंशांच्या उतारावर प्रवाह सुटून पुन्हा चिकटतो. साध्या सरासरी मॉडेलांना हे अनेकदा साधत नाही. आकार शाळेच्या कंपासपेटीतून काढता येईल इतका सोपा असूनही हे घडते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मॉडेलच्या चुकीइतकीच जाळीची चूकही ड्रॅगमध्ये मिसळते, आणि ती ओळखण्याचा मार्ग मात्र उपलब्ध आहे. एकाच प्रश्नाला तीन जाळ्या लावायच्या, प्रत्येक पुढची आधीच्या निम्म्या अंतराची. समजा गुणांक अनुक्रमे 0.340, 0.316 आणि 0.310 आले. पहिला फरक 0.024 आणि दुसरा 0.006, म्हणजे चूक दर वेळी चौथाईवर येते आहे. पद्धत जशी वागायला हवी तशी वागते आहे, हे यावरून कळते. मग शेवटच्या फरकाचा एक तृतीयांश आणखी वजा करून अतिसूक्ष्म जाळीचे उत्तर 0.308 असावे असा अंदाज बांधता येतो. ही युक्ती हवामानाचे गणित मांडणाऱ्या रिचर्डसन याची. फरक असे शिस्तीत कमी होत नसतील तर सर्वांत बारीक जाळीचा आकडादेखील अजून हवेतच आहे. यापुढची एक तपासणी आणखी खोल जाते. भरड जाळी प्रवाहात नसलेला चिकटपणा गणिताच्या बाजूने घुसडते, आणि हा खोटा चिकटपणा खोटा ड्रॅग निर्माण करतो. तो पकडायला पृष्ठभागावरची बेरीज बाजूला ठेवून वस्तूच्या मागच्या प्रवाहातला संवेगाचा तोटा मोजतात. वस्तूने हवेकडून जेवढा विरोध सोसला तेवढा संवेग हवेने गमावलेला असलाच पाहिजे. दोन्ही वाटांचे आकडे जुळले नाहीत तर कुठेतरी गळती आहे. जमाखर्चाचे दोन्ही रकाने जुळवण्याची ही शिस्त ड्रॅगच्या हिशेबात सर्वांत कमी वापरली जाते, आणि सर्वांत जास्त उपयोगी पडते.

या सगळ्यांचा एकत्रित परिणाम किती होतो याचा जाहीर पुरावा आहे. अमेरिकेतल्या एआयएए या संस्थेने 2001 मध्ये अ‍ॅनाहाइम इथे ड्रॅग भाकिताची पहिली कार्यशाळा घेतली. प्रवासी विमानासारख्या डीएलआर-एफ4 या पंख आणि धडाच्या नमुन्यावर 18 सहभागींनी 14 वेगवेगळे प्रोग्रॅम चालवले, आणि त्यांचे आकडे तीन विंड टनेलमधल्या मोजमापांशी ताडून पाहण्यात आले. सरासरी आकडे बऱ्यापैकी बरोबर होते, पण त्यांचा विखुरलेपणा हवा त्याहून जास्त निघाला. जाळीचा कुठलाही विशिष्ट प्रकार किंवा कुठलेही विशिष्ट मॉडेल इतरांहून सरस ठरले नाही. विमानाच्या दुनियेत 0.0001 या गुणांकाला एक ‘काउंट’ म्हणतात आणि रचनाकार एकेका काउंटसाठी झगडतात. त्यामुळे विखुरलेपणाची ही गोष्ट गंभीर होती. पण याच कार्यशाळेने हेही म्हटले, की नीट पडताळलेल्या पद्धती रचनेचे निर्णय घेण्याइतक्या अचूक आहेत. पुढच्या कार्यशाळांत सर्वांना समान जाळ्या देऊन चुकांचे उगम वेगळे केले गेले, आणि 2012 पर्यंत विखुरलेपणा कमी झाला. ही सुधारणा केवळ मोठ्या संगणकांनी झाली नाही. सगळ्यांनी आपापले आकडे एका टेबलावर मांडले, एकच प्रश्न एकाच रीतीने सोडवला आणि फरक लपवला नाही, म्हणून ती झाली.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की ही चिंता काळाच्या ओघात आपोआप मिटेल. महासंगणक वाढत आहेत, मोठे भोवरे थेट सोडवणाऱ्या पद्धती आल्या आहेत, आणि 1997 पासून त्यांचा सरासरी मॉडेलांशी मेळ घालणारी मिश्र पद्धतही आहे. यात तथ्य आहे. गाड्यांच्या मागचा हिंदकळणारा प्रवाह या पद्धती सरासरी मॉडेलांपेक्षा चांगला पकडतात. पण त्यांनाही जाळीची निवड, सरासरीचा कालावधी आणि भिंतीलगतचे मॉडेल लागतेच. ताकद वाढली की चुकीचे प्रमाण घटते. चूक किती हे सांगण्याची जबाबदारी घटत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रचनाकाराला खरा आकडा नकोच असतो, त्याला फक्त दोन आकारांमधला फरक हवा असतो, आणि चूक दोन्हीकडे सारखी असेल तर ती वजाबाकीत निघून जाते. आरसा थोडा बदलला, बंपरची कड गोल केली, अशा लहान फेरफारांत हे बहुतेक वेळा खरे ठरते, आणि उद्योगात सीएफडी उपयोगी पडते ती यामुळेच. पण हा युक्तिवाद प्रवाहाची ठेवण दोन्ही आकारांत एकच राहते तोपर्यंतच टिकतो. अहमद बॉडीच्या 30 अंशांच्या उंबरठ्यावर ती बदलते, आणि तिथे चूक दोन्हीकडे सारखी नसते. असा उंबरठा कुठे आहे हे आधीच माहीत असते तर सिम्युलेशनची गरजच कमी झाली असती. म्हणून फरकाचा दावा करणाऱ्यानेही प्रवाह दोन्हीकडे एकाच जातीचा आहे हे चित्रांसकट दाखवले पाहिजे.

तिसरा आक्षेप उलट बाजूने येतो. विंड टनेल तरी कुठे निर्दोष आहे? तिथेही भिंतींचा परिणाम असतो, नमुन्याला धरणाऱ्या खांबाचा परिणाम असतो, आणि लहान नमुन्यावर रेनॉल्ड्स संख्या वेगळी पडते. आयफेल आणि गटिंगेनचे उदाहरण हेच सांगते. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो माझ्या म्हणण्याला बळच देतो. आयफेलचा आकडा टिकला, कारण त्याच्यामागचे कारण प्रांट्लने प्रयोगाने वेगळे करून दाखवले. कुठल्याही बाजूच्या आकड्याला आपोआप मान मिळू नये, तो कारणांसह मिळवावा लागतो. आणि काही चुका तर भौतिकशास्त्रापर्यंत पोहोचतही नाहीत, त्या नुसत्या हिशेबाच्या असतात. अर्ध्या गाडीचे सिम्युलेशन करून संदर्भाचे क्षेत्रफळ पूर्ण गाडीचे धरले की गुणांक निम्मा येतो. मोटारीसाठी समोरचे क्षेत्रफळ घेतात आणि विमानासाठी पंखाचे, त्यामुळे दोन्हींचे गुणांक शेजारी ठेवून तुलना करणे निरर्थक ठरते. काही प्रोग्रॅम दाबाऐवजी दाब भागिले घनता साठवतात. घनता न गुणता जोर काढला की आकडा चुकतो. वातावरणाचा दाब वजा केला की नाही याने बंद पृष्ठभागावरची बेरीज बदलत नाही, कारण एकसारखा दाब स्वतःलाच मिटवतो. पण गाडीचा फक्त एखादा उघडा भाग निवडून त्यावरचा ड्रॅग काढला तर तो आकडा सर्वस्वी त्या वजाबाकीवर अवलंबून असतो. या चुका लहान वाटतात, पण ड्रॅग मोठ्या बेरजांची शिल्लक असल्यामुळे त्यांना तिथे लपायला भरपूर जागा मिळते.

म्हणून सीएफडीचा ड्रॅग सांगताना काही गोष्टी त्याच्यासोबत आल्याच पाहिजेत, असा आग्रह महाविद्यालयांतल्या प्रकल्पांपासून कारखान्यांतल्या अहवालांपर्यंत सगळीकडे धरायला हवा. तीन जाळ्यांवरचे आकडे आणि त्यांतली शिस्त. दाबाचा आणि घर्षणाचा वाटा वेगवेगळा, कारण निमुळत्या आकारावर घर्षण आणि बोथट आकारावर दाब भारी पडायला हवा, आणि तसे नसेल तर तपास तिथूनच सुरू होतो. कुठले खळबळीचे मॉडेल आणि ते निवडण्याचे कारण. संदर्भाचे क्षेत्रफळ आणि घनता. वस्तूच्या मागच्या संवेगाशी ताळा. आणि शक्य तिथे गोल, दंडगोल किंवा अहमद बॉडी यांसारख्या आधी मोजलेल्या आकारावर त्याच पद्धतीची परीक्षा. यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. मुक्त उपलब्ध साधनांतही हे सगळे करता येते, लागतो तो वेळ आणि प्रामाणिकपणा. महामार्गाच्या वेगाला विजेच्या गाडीची बॅटरी मुख्यतः हवेला मागे सारण्यात खर्च होते, आणि गाडी किती अंतर जाईल याचे वचन याच गुणांकावर दिले जाते. ते वचन पाळायचे असेल तर 0.30 या आकड्याशेजारी त्यातली चूक किती असू शकते हेही छापले पाहिजे, आणि ते विचारण्याचा हक्क गाडी घेणाऱ्यापासून ती आखणाऱ्यापर्यंत प्रत्येकाने बजावला पाहिजे.